अनुभव धागा: समुद्रकाठचे खडबडीत दगड आणि अनवाणी पाय

वाळूवरून अनवाणी चालण्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला विचारायचंय ते दगडांबद्दल. परवा ओहोटीच्या वेळी चपला हातात घेऊन मी जेमतेम पन्नास पावलं चालले आणि तेवढ्याला पंधरा मिनिटं लागली. सुरुवातीला नुसतं हायहुय. मग जाणवलं की मी पाऊल टाकत नाहीये, ठेवतेय. आधी चवड्याची बाहेरची कड, मग अंगठ्यामागचा उंचवटा, टाच सगळ्यात शेवटी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री तळवे उबदार होते आणि झोप गाढ लागली. तुम्ही चालला आहात का? कसं वाटलं, कुठे चुकलं, सगळं लिहा.

*

ताई, तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, पण जाड तळाच्या बुटात त्यांना फारसं कामच उरत नाही. दगडावर प्रत्येक सांधा थोडाथोडा वळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि तळव्याची कमान दुखते. मी पहिल्याच दिवशी तासभर चाललो आणि आठवडाभर लंगडलो. पाच मिनिटांपासून सुरुवात करा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा.

*

माझा अनुभव वाईट आहे, पण लिहायलाच हवा. शेवाळलेल्या दगडावरून घसरले आणि पाय खडकाला चिकटलेल्या कालवांवर गेला. त्या कवचांना पात्यासारखी धार असते. 'समुद्राचं पाणी औषधी' असं लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून जखम त्याच पाण्यात धुतली आणि रुमाल बांधला. तिसऱ्या दिवशी पाऊल लाल, गरम, सुजलेलं. डॉक्टरांनी आतून शिंपल्याचा कपचा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. समुद्राच्या पाण्यात जंतू असतात. जखम स्वच्छ गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आणि लाली पसरू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कृपा करून थांबू नका.

*

हे वाचून मलाही लिहावंसं वाटलं. बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी आम्ही सगळे दगडांवर 'आई गं' करत उभे होतो आणि बाबा सरळ चालत पुढे गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मुक्कामी परतल्यावर फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. कुणाच्या पायाला लागलंय ते बघत सगळ्यांचे तळवे तपासले, बाबांचे शेवटी. टाचेला दोन इंच चीर होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

नंतर डॉक्टरांनी नायलॉनच्या एका दोऱ्याने तपासणी केली. १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा दोरा असतो तो. बाबा डोळे मिटून बसले होते. टेकवला की 'हो' म्हणायचं. डॉक्टर एकेक जागी दोरा टेकवत होते आणि बाबा गप्प. त्या शांततेने मला जितकं घाबरवलं तितकं रक्तानेही नव्हतं. जखम भरायला अडीच महिने लागले. घरात कुणाला मधुमेह असेल तर ही साधी तपासणी वर्षातून एकदा कराच, आणि त्यांना दगडांवर अनवाणी चालू देऊ नका. दुखत नाही म्हणून कौतुक करू नका.

*

भर दुपारी काळ्या खडकावर जाऊ नका. मुलाच्या तळव्याला फोड आले होते. सकाळीच जा.

*

आईचं वय ६८. दगडगोट्यांवर चालल्याने तोल सुधारतो असं वाचून तिने हट्ट धरला. २००५ मध्ये अमेरिकेत साठीपुढच्या लोकांवर असा प्रयोग झाला होता. १६ आठवडे गोट्यांच्या चटईवर चाललेल्यांचा तोल साधं चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला, रक्तदाबही थोडा उतरला. पण ती चटई होती, सपाट जमिनीवर. म्हणून आम्ही आईला कपारींच्या खडकांवर नेत नाही, लाटांनी घासून गुळगुळीत झालेल्या कोरड्या गोट्यांवर नेतो, आणि माझा हात तिच्या हाताशी असतो.

*

मला डोळ्यांनी कमी दिसतं. तळव्याला बारीक टोकं लागली तर भार टाकते, बुळबुळीत लागलं तर पाय मागे घेते. वर्षानुवर्षं चालून तळव्याला घट्टे पडलेत, तरी स्पर्श बोथट झालेला नाही. २०१९ मध्ये केनिया आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासले गेले, त्यातही घट्ट्यांमुळे संवेदना कमी झाल्याचं दिसलं नाही. एक मात्र सांभाळते. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कालची वेळ आज धरून चालत नाही. पाणी चढू लागलं की दगड झाकले जातात आणि परतीची ओळखीची वाट हरवते.

*

मधुमेहाबद्दल लिहिलं होतं, ती मीच. काल बाबांना घेऊन पुन्हा गेलो. ते बूट घालून एका उंच खडकावर बसले, मी खाली अनवाणी. प्रत्येक पावलाला विचारत होते, "आता कसा आहे गं?" मी सांगत होते: हा गार, हा खरखरीत, याला मधे खळगा आहे आणि खळग्यात पाणी कोमट आहे. "थांब जरा तिथेच," बाबा म्हणाले.