रंगीत थरांचा केक: रंग आणि पीठ दोन्ही सांभाळा

लेकीच्या वाढदिवसाला रंगीत थरांचा केक करायचाय, पण बाजारचा रंग नको, हळद आणि बीटवर भागवायचं म्हणताय, ते मनापासून पटलं. पण बेत पक्का करण्याआधी एक वाचा. हळदीला खायचा सोडा लागला की ती लालसर तपकिरी होते, म्हणून पिवळ्या थरात सोडा टाळून बेकिंग पावडरच घाला. बीटचा गुलाबी रंग ओव्हनच्या उष्णतेत फिका पडून मातकट होतो. दही किंवा लिंबू घातलं तरी थोडाच टिकतो. बीट वरच्या क्रीमसाठी ठेवा, तिथे तो सुरेख दिसतो. आतला गुलाबी ठसठशीतच हवा असेल तर खायचा जेल रंग चिमूटभर घ्या. पातळ रंग जास्त घालावा लागतो आणि पीठ सैल होतं.

रंग घातल्यावर पीठ पुन्हा छान फेटा असं कुणी सांगितलं, तर ते कृपया करू नका. मैदा जास्त घोटला की केक चिवट होतो. रंग नुसता हलक्या हाताने मिसळा. पिठाचे दोन भाग करून एकात हळद, दुसऱ्यात कोको घाला. कोको घातलेला भाग घट्ट होतो, त्यात चमचा-दोन चमचे दूध घालून बाकीच्या पिठाइतका सरसरीत करा.

मग डब्याच्या बरोबर मध्यावर एक पळी पिवळं, त्याच्या डोक्यावर एक पळी कोकोचं, पुन्हा पिवळं. चमच्याने पसरवू नका, डबा आपटूही नका. नव्या पळीच्या वजनाने खालची वलयं आपोआप कडेकडे सरकतात. १८० अंशांवर साधारण ३५-४० मिनिटं, आणि पूर्ण गार झाल्यावरच सुरी लावा.