विडी सोडायची म्हणणाऱ्या माणसाला घरी जाऊन नेमकं काय सांगायचं?

आशाताई_सिन्नर
नमस्कार. मी सिन्नर तालुक्यात आशा आहे. तिशीपुढच्या माणसांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे बीपी, साखर, कॅन्सर अशा आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरताना तंबाखूचा प्रश्न येतो. रोज ओढतो म्हटलं की २ गुण, आणि पुढचा प्रश्न. पण त्या माणसाचं पुढे काय?

एक काका आहेत, पन्नाशीचे. बीपी निघालंय, चढाला धाप लागते. काकू घरीच विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, सगळा पसारा ओटीवर. काका जाता-येता एक उचलतात. म्हणतात, "ताई, सोडायचीय. पण सकाळी विडी ओढल्याशिवाय पोटच साफ होत नाही." कॅन्सरचं चित्र पिशवीतून काढलं की मान फिरवतात. काकूंना काम बंद करा कसं म्हणू? घर त्यावर चालतं. काय बोलू ते सांगा.

समुपदेशक_तंबाखूमुक्ती
ताई, "सोडायचीय" हे काका स्वतःच्या तोंडाने बोललेत, तेव्हा ते चित्र पिशवीतच राहू द्या. तसलं चित्र बंडलावर रोज दिसतंच. तुम्ही दिवस ठरवून घ्या. वार त्यांनीच सांगायचा, पंधरवड्याच्या आतला. लग्नकार्याचा नको.

तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, २०१६ पासून चालू आहे, बंडलावरही छापलेली असते. नंबर कागदावर लिहून देऊन निघू नका. शेजारी बसून त्यांच्याच मोबाइलवरून लावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. नंतर तिकडूनही फोन येतो, तो उचलायला सांगून ठेवा.

पोटाचं म्हणणं बहाणा नाही. तंबाखूतल्या निकोटिनने आतड्यांना चालना मिळते, ते थांबलं की काही दिवस अडतं. उठल्यावर कोमट पाणी, एक फेरफटका, जेवणात पालेभाजी. हे आधीच सांगितलंत तर चौथ्या दिवशी काका घाबरून बंडल आणणार नाहीत.

तलफ पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कडक असते, मग काही आठवड्यांत ओसरते. म्हणून तिसऱ्या दिवशी नक्की जा, अगदी दारातून हाक मारलीत तरी चालेल. माझ्या अनुभवात माणूस टिकतो तो या फेरीमुळे.

काकूंनी काम सोडायला नको, जागा बदलावी. ओटीऐवजी मागच्या पडवीत, मोकळ्या हवेत बसावं आणि वळलेल्या विड्या मोजून लगेच डब्यात टाकाव्यात. हे काकूंशी वेगळं बोला. त्यांना बाजूला ठेवून काही होणार नाही.

गवंडी_दादा
माझी विडी टीबीच्या औषधांच्या वेळी सुटली. आमच्या सिस्टर गोळ्या द्यायला आल्या की विचारायच्या, "आज किती?" एखादी ओढली म्हटलं तरी आवाज चढायचा नाही, "बरं, उद्या बघू" म्हणायच्या. म्हणून मी कधी तोंड चुकवलं नाही. रागावल्या असत्या तर खोटंच सांगितलं असतं. आणि ताई, विडी सोडून तंबाखू मळायला लागले तर तिथेच अडवा. आमच्या कामावर दोघांचं तसंच झालं.

डॉक्टर_प्राथमिक_केंद्र
जाग आल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागते का, ते विचारा. लागत असेल तर सवय खोल आहे, त्यांना केंद्रात घेऊन या. अलीकडे छातीत दुखलं असेल तर तेही आधी कळवा. निकोटिन गम, म्हणजे तलफ कमी करायला चघळायचं औषध, द्यायचा झाला तर पद्धत दाखवावी लागते: हळूहळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात धरायचा, त्या गेल्या की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. आधी पाव तास चहा नाही. भराभर चावून गिळला की उचकी लागते, जळजळ होते आणि लोक म्हणतात, गम बाधला. विडी सोडायच्या बाकीच्या गोळ्या माणसाला तपासल्याशिवाय देत नाही.

आशाताई_सिन्नर
खूप आभार. काकांनी गुरुवार ठरवलाय. काकूंनी आज स्वतःहून सूप मागे नेलं. शेजारचे दोघेही विचारतायत, तिघांना एकत्र बसवू का?

समुपदेशक_तंबाखूमुक्ती
बसवा, एकमेकांना धरून राहतील. दिवस मात्र ज्याचा त्याने ठरवू दे आणि फोन तिघांच्या मोबाइलवरून वेगवेगळा लावा. काकांकडे गुरुवारनंतरच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी जा. रविवारी क्विटलाइनही चालू असते.