अनुभव धागा : समाजाची जखम, आपली सबब

नावावरून घर नाकारलं, नोकरीत डावललं, हे आपण एकमेकांना सांगत आलोय. ते खरंच आहे. 1992-93च्या मुंबई दंगलींत पोलीस मुसलमानांशी कसे वागले, तेही श्रीकृष्ण आयोगाच्या 1998च्या अहवालात आहे. इथे मात्र दुसरंही लिहा : त्या अन्यायाच्या आड आपण, किंवा आपल्यातलं कुणी, कधी लपलं का? सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

मुंब्रेकर :
आम्ही कोकणी मुसलमान, आधी जोगेश्वरीत. जानेवारी 1993च्या दंगलीनंतर मुंब्र्याला आलो. अब्बांच्या शिलाईच्या दुकानाची किल्ली अजून कपाटात आहे, दुकान नाही. पुढे कुठे भाड्याची खोली बघायला गेलो की आडनाव सांगेपर्यंतच ती रिकामी असायची. पण पहिल्या नोकरीत माझं प्रोबेशन वाढवलं, तेव्हा घरी येऊन मी म्हणालो, "नाव बघून केलं." अब्बांनी मान डोलावली, अम्मीने ताट वाढलं, कुणी पुढे विचारलंच नाही. त्या महिन्यात मला अकरा लेटमार्क होते. आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी त्याच ऑफिसात वेळेवर पोचायची, वर बुरख्यावरून टोमणेही खायची. तिच्यासमोर ही थाप मारायची माझी कधी छाती झाली नाही.

खालाची भाची :
1994. खालाला नवऱ्याने तोंडी तलाक दिला, पदरात दोन मुली. कोर्टात जाते म्हणाली तर मोहल्ल्यातले बुजुर्ग घरी आले. "आत्ताच एवढं सोसलंय आपण. आता घरची भांडणं चव्हाट्यावर न्यायची?" सोसणाऱ्यांत खालाही होती, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. ती गेली नाही. डबे करून मुली शिकवल्या. याच मुंबईत 1966 साली हमीद दलवाईंनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला होता, हे मला कॉलेजात कळलं. 22 ऑगस्ट 2017 ला एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला तेव्हा खाला टीव्हीसमोर लसूण सोलत होती. म्हणाली, "आवाज कमी कर."

घाटकोपर पूर्व :
11 जुलै 1997 ला रमाबाई नगरातल्या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. मी सातवीत होते, तो दिवस विसरणं शक्य नाही. पुढे आमच्या शेजारच्या वस्तीतल्या आंबेडकर जयंती मंडळात मी हिशोब मागितला. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती कोऱ्या! खजिनदार काका उभे राहिले : "सत्त्याण्णवला आम्ही गोळ्या झेलल्या, पोरी, आणि तू पावत्या विचारतेस?" टाळ्या पडल्या. (काका त्या दिवशी नाशिकला होते, पण ते सोडा. झेलल्या असत्या तरी पावत्या दाखवायलाच हव्या होत्या.) आईही चिडली, "बाहेरच्यांच्या हातात कोलीत कशाला देतेस?" यंदा वर्गणी दिली, पण स्थळप्रत तिथेच उभी राहून लिहून घेतली.

बोरिवली स्लो :
धाग्याचा सूर पटला नाही. त्यांच्यात चोर निघाला तर तो एकटा चोर, आमच्यात निघाला की "तुम्हा लोकांचं असंच". लोकलमधल्या स्फोटांच्या दुसऱ्या दिवशी, 12 जुलै 2006 ला, ऑफिसात तिघांनी मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" अरे, मीही त्याच लाइनीवरून येतो! अशात आपल्या चुका चारचौघांत कोण कबूल करेल?

मुंब्रेकर :
म्हणून तर इतक्या वर्षांनी लिहितोय. तेही टोपणनावाने.