तडितरक्षक आहे, तरी एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) हवाच
गच्चीवर तडितरक्षक असल्यावर आतली उपकरणं सुरक्षित, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं. तो आकाशातली वीज जमिनीत नेतो, वायरींत क्षणभर उसळणारा व्होल्टेजचा दाब, म्हणजे सर्ज, अडवत नाही. एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारी कळ) हीसुद्धा नाही: ती पडेपर्यंत मिलिसेकंद जातात, सर्ज मायक्रोसेकंदांत काम उरकतो. मुख्य पॅनेलमध्ये एसपीडीच हवा. पण खरी गोम त्याच्या जोडवायरींत आहे. सरळ वायरीचा एक मीटर म्हणजे साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातल्या झटपट बदलाला वायरीचा विरोध). प्रवाह मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअरने चढला तर मीटरमागे १००० व्होल्ट जादा दाब उपकरणांवर! म्हणून जोडणी अर्ध्या मीटरच्या आत. उरलेल्या वायरीचं सुबक वेटोळं करून ठेवतात ना, तेच नडतं. आणि एसपीडीची छोटी खिडकी हिरव्याची लाल झाली की संरक्षण संपलं, आतलं कार्ट्रिज (बदलता येणारा भाग) बदला. दिवे चालूच राहतात, त्यामुळे तिकडे कुणी बघत नाही.