घरी शिकणाऱ्या मुलांना भौतिक-रसायन शिकवायला कोणता अभ्यासक्रम धरावा? (कोल्हापूर)

नागाळापार्कची_आई

नमस्कार. मुलगी पंधरा वर्षांची, मुलगा तेरा. दोघंही आधी सेमी-इंग्लिश शाळेत होते, आता घरीच शिकतात. भाषा, इतिहास, गणित यांची घडी बसली आहे. जीवशास्त्राचीही काळजी नाही. सासऱ्यांची करवीर तालुक्यात शेती आहे, ऊस आणि भात बघत दोघं वाढलीत, पानापासून मुळापर्यंत प्रश्न विचारतात आणि आजोबा उत्तरं देतात.

अडतंय ते भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रावर. मी बी.कॉम., ह्यांची बँकेत नोकरी. घरात विज्ञानाचं कुणी नाही. मुलीला दहावीनंतर अकरावी सायन्स किंवा मेकॅनिकल डिप्लोमा करायचाय. तिनं बिघडलेला मिक्सर उघडून मोटर बाहेर काढली आणि विचारलं, तार नुसती गुंडाळलीय तर फिरतं कशानं? मी पुस्तक काढून दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, आई, हे वाचून मला उत्तर पाठ झालं, कळलं नाही. तेव्हापासून मी हा विषय मनावर घेतलाय.

पर्याय चार दिसतात. बालभारतीची पुस्तकं आणि १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून दहावी देण्याचा). एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. केंब्रिजचं आयजीसीएसई, त्यात फिजिकल सायन्स असा एकच जोडविषय आहे म्हणे. आणि नणंद अमेरिकेत असते, तिनं तिकडच्या होमस्कूलवाल्यांचं वर्षभराचं तयार पॅकेज सुचवलंय, पुस्तक आणि प्रयोगाच्या पेटीसकट. प्रयोगशाळा घरात नाही. काय धरावं?

इचलकरंजी_पूर्व

आमचा मुलगा एनआयओएसमधून दहावी झाला, तेवढ्यापुरतं सांगते. माध्यमिकला मराठी माध्यम मिळतं. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा प्रवेश घेतला की तो पाच वर्षं चालतो आणि विषय एकेक करून सोडवता येतात. मुलानं आधी भाषा सोडवल्या, विज्ञानाला निवांत वेळ दिला. घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के गुण असतात, त्या कंटाळा न करता करून घ्या.

विज्ञानाच्या पुस्तकाची सुरुवातच मापनापासून आहे, ते मला फार आवडलं. प्रात्यक्षिकाची परीक्षा अभ्यास केंद्रावर होते. प्रवेशाच्या वेळी केंद्र निवडताना तिथं खरी प्रयोगशाळा आहे ना, ते स्वतः जाऊन बघा.

शिरोली_फौंड्री_लॅब

ताई, तुमच्या मुलीचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. आमच्याकडं डिप्लोमा, डिग्री झालेली पोरं यायची. हुशार, कष्टाळू. व्याख्या सगळ्या तोंडपाठ. पण तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे आले तर काय करायचं, हे त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसायचं. पोरांचा त्यात दोष नव्हता.

म्हणून माझं मत असं: बोर्ड कुठलंही घ्या, पण मुलं दर आठवड्याला काहीतरी मोजतायत, वहीत लिहितायत आणि आकडा असाच का आला यावर भांडतायत, हे ज्या अभ्यासक्रमात तुमच्या हातून होईल तोच धरा.

अमेरिकेच्या पॅकेजबद्दल आधी बोलतो. तिकडं फिजिकल सायन्स म्हणजे आठवी-नववीच्या सुमाराचं एक वर्षाचं ओळखीचं पुस्तक. मग एक वर्ष जीवशास्त्र, एक वर्ष रसायन, एक वर्ष भौतिक, अशी पायरी असते. आपल्याकडं दरवर्षी सगळं थोडं थोडं वाढवत नेतात. तुमच्या मुलीला दोन वर्षांत दहावीची परीक्षा द्यायचीय, तिला ती पायरी जुळणार नाही. शिवाय बरीच मापं पौंडात, इंचांत, फॅरनहाइटमध्ये. विजेचा धडा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, आपल्या घरात २३० आणि ५०. धाकट्याला वाचायला चांगलं असेल, पण थोरलीचा कणा त्यावर उभा करू नका.

कणा म्हणून मी बालभारतीचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ घेईन. पीडीएफ फुकट मिळते, मराठीत आणि इंग्रजीतही, सेमीच्या मुलांना दोन्ही शेजारी ठेवता येतात. गुरुत्वाकर्षण, आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचं अपवर्तन, भिंगं, धातुविज्ञान, कार्बनी संयुगं, अवकाश मोहिमा. दहाच धडे, आणि त्यातले निम्मे तरी आपल्या जिल्ह्यात उघड्यावर मांडलेले आहेत. पुस्तक बारीक आहे, भर आपण घालायची.

उष्णतेचा धडा घ्या. मुलांना थर्मामीटर देऊन पाणी उकळायला लावा. आकडा १०० येणार नाही, ९८ च्या आसपास अडकेल. मुलं म्हणतील थर्मामीटर खराब आहे. तिथंच थांबा, लगेच सांगू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. पन्हाळ्यावर स्टोव्ह नेलात तर आणखी एखादा अंश खाली. पुस्तकातला १०० हा आकडा कुठल्या अटीवर खरा आहे, हे ज्या पोराला एकदा कळलं ते पुढं प्रत्येक आकड्याला अट विचारतं. आणि उकळत असताना आकडा हलत नाही हेही दिसतं, उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, तोच अप्रकट उष्मा. मग दिवाळीनंतर गुऱ्हाळावर न्या. तिथं कढईतला रस उकळतोय, तरी तापमान चढतच राहतं, गूळ उतरवताना ११५ ते १२० पर्यंत जातं. पाण्याचं थांबतं, रसाचं का थांबत नाही? पाणी उडून जातं, साखर मागं राहते, जसजसा रस दाट होतो तसा त्याचा उत्कलनांक वाढतो. ह्या एका प्रश्नावर आठवडा घालवला तरी वाया नाही.

मोटरच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात आहे. मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत, एनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. शंभर वेढ्यांचं एक वेटोळं, एक चुंबक, टॉर्चचा सेल. तारेत वीज गेली की तीच चुंबक होते, हे हाताला जाणवू दे. मग सेल काढा, मल्टिमीटर लावा आणि चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करा. काटा हलतो तो चुंबक हलत असतानाच. (ह्यासाठी काट्याचा मीटर घ्या, डिजिटलवर मजा नाही.) आमची इंडक्शन भट्टी ह्याच तत्त्वावर चालते, खाली जाळ नाही, कोळसा नाही आणि बीड (ओतीव लोखंड) पाण्यासारखं होतं.

धातुविज्ञानाला तर दुसरीकडं कुठं जायलाच नको. पुस्तकात ॲल्युमिनियम बॉक्साइटपासून मिळतं असं लिहिलंय. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर बॉक्साइट आहे, तांबडा जांभा मुलांनी पायाखाली तुडवलेला असतो. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, बीड १,२०० च्या आसपासच, कारण त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. ओळखीतून एखाद्या छोट्या फौंड्रीत परवानगी काढा, ओतकाम लांबून दाखवा. आणि पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) बनवणाऱ्या कारागिराला त्याची पट्टी दाखवायला सांगा. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ३०० मिलिमीटरला ३. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी कारागीर वाढीव मापाची वेगळी पट्टी वापरतो. मुलीला साधी पट्टी त्या पट्टीशेजारी ठेवू द्या. आकुंचन-प्रसरण ह्याच्याइतकं स्पष्ट मला तरी कुठल्या आकृतीत दिसलेलं नाही.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात पेपरात असतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. गुणाकार मुलांना करू दे, सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर येतं. घरची टाकी केवढ्या वेळात भरेल, तेही काढू दे. दाब खोलीबरोबर वाढतो, पाण्याचा रेटा दरवाजाच्या तोलाच्या वजनापेक्षा जास्त झाला की दरवाजा उघडतो, हे पुठ्ठा आणि नटबोल्ट घेऊन टेबलावर करून बघता येतं.

परीक्षेचं ज्याचं त्याला जमेल तसं. १७ नंबरचा फॉर्म भरणार असाल तर विज्ञानाचे ४०-४० चे दोन पेपर आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण, हे धरून चाला. ज्या शाळेचं संपर्क केंद्र मिळेल तिथं प्रात्यक्षिकं कधी आणि कशी घेणार, हे जूनमध्येच विचारा.

फिजिक्सच्या_बाई

वरच्या काकांचं पटलं. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते.

अकरावीत मुलं अडकतात ती बहुतेक वेळा गणितात. सूत्राची मांडणी उलटी करणं, घातांक, आलेखाचा चढ काढणं, एककं बदलणं. दहावीच्या पुस्तकातली उदाहरणं थोडी आणि सरळ आहेत, सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं. त्यामुळं मुलीला नववीचे गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत हे तीन धडे पुन्हा करायला लावा आणि त्यावर एनसीईआरटीची उदाहरणं द्या. तीही फुकट आहेत.

आयजीसीएसई तुम्ही परीक्षा म्हणून घेऊ नका असं मी म्हणेन. खर्च मोठा, खासगी उमेदवार स्वीकारणारं केंद्र शोधावं लागतं आणि अकरावीच्या प्रवेशाला समकक्षतेसाठी किमान पाच विषय लागतात, एकट्या विज्ञानानं भागत नाही. पण त्यांच्याकडं प्रयोगाऐवजी द्यायचा एक लेखी पेपर असतो, त्याचे जुने नमुने जरूर मिळवा. फिजिकल सायन्सचा त्यांचा क्रमांक ०६५२. त्यात मोजपट्टीचं, मापकाचं चित्र असतं, वाचन लिहायचं, तक्ता पुरा करायचा, आलेख काढायचा, कुठं चूक शिरली असेल ते सांगायचं. घरात प्रयोगशाळा नसलेल्या मुलांसाठी इतका चांगला सराव मला दुसरा माहीत नाही. महिन्यातून एक पेपर, दोघांनी मिळून.

संगणकावर बघायचं असेल तर कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, बरीचशी मराठीतही. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक यांचं ओलॅब्ज आहे. दोन्ही चांगली आहेत, मात्र प्रयोग हातानं केल्यानंतर दाखवा, आधी नको. पडद्यावर भिंगाची प्रतिमा नेहमी स्पष्टच पडते.

नागाळापार्कची_आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवलं, ती उद्यमनगरला कधी जायचं विचारतेय.

दोन शंका. रसायनाचे प्रयोग घरात कितपत सुरक्षित? मला ॲसिडची भीती वाटते. आणि तेरा वर्षांच्याला वेगळा अभ्यासक्रम लावू की ताईबरोबरच बसवू?

शिरोली_फौंड्री_लॅब

भीती वाटते ते बरं आहे, तेवढी असावीच. तीव्र ॲसिड घरात आणूच नका, दहावीपर्यंत त्यावाचून काही अडत नाही. व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी एवढ्यावर आम्ल-आम्लारी पूर्ण होतं. दर्शक म्हणून जास्वंद आणि हळद. गुऱ्हाळात रसात चुना का घालतात, हाही त्याच धड्याचा प्रश्न आहे: उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो आणि आम्लात उकळला की साखर फुटते, मग गुळाचा दाणा नीट धरत नाही.

विस्थापनासाठी (एक धातू दुसऱ्याची जागा घेतो ती अभिक्रिया) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट घ्या, शेतीच्या दुकानात मिळतं. पाण्यात विरघळवून लोखंडी खिळा टाका, तांबं चढताना दिसेल. मोरचूद विषारी आहे, त्याची भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका, उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. हे दोघांनाही पहिल्याच दिवशी सांगा. कॉस्टिक सोड्याला हात लावायचा नाही. चष्मे दोन घ्या, हार्डवेअरच्या दुकानातले चालतील, आणि मोठ्या माणसानं समोर बसायचं.

धाकट्याला वेगळं काही लावू नका. प्रयोग दोघांनी एकत्र करायचा, मोजायचं काम त्याच्याकडं द्या आणि गणित तिच्याकडं. त्याचं वाचन तिनं तपासायचं, तिचं उत्तर त्यानं ताडून बघायचं. लिहायच्या वह्या मात्र वेगळ्या. तो दहावीला येईल तेव्हा त्यानं हे सगळं एकदा हातानं केलेलं असेल.

वर्षाची आखणी मी अशी करेन: पावसाळ्यात दाब, बल आणि वीज. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात, तेव्हा प्रकाश आणि सूर्याची चाल. पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. ह्या दोन्ही वेळा २२ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर का येतात, हे मुलांनी पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घेऊन शोधायचं, मधल्या काळात गच्चीवरून सूर्यास्ताची जागा खुणा करून ठेवायची. हिवाळ्यात उष्णता आणि रसायन, कारण तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात. उन्हाळ्यात धातुविज्ञान आणि उजळणी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते, तेवढा दिवस चुकवू नका.

गुऱ्हाळावर जाताना मालकाला आधी विचारा, कढईपासून मुलांना हातभर लांब ठेवा आणि मोजमाप गुळव्यालाच करायला सांगा. शाळेचा ११० अंशांचा काचेचा थर्मामीटर नेऊ नका, तो फुटेल. २०० च्या वर जाणारा धातूच्या दांडीचा घ्या.