कॉस्टिंगच्या जागेसाठी जाहिरात लिहायची आहे, मदत हवी

मेधा_भोसरी:
नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 11 वर्षं कॉस्टिंग, म्हणजे मालाला किती खर्च येतो याचा हिशोब, बघते. हाताखालची जागा रिकामी झाली तेव्हा एचआरने जाहिरात दिली: 'फायनान्स बिझनेस पार्टनर'. खाली पॉवर बीआय (आकड्यांचे डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर), स्टेकहोल्डर मॅनेजमेंट, 'यूएस सीएमए (कॉस्टिंगची अमेरिकन पदवी) असल्यास प्राधान्य'. मशीन अवर रेट (मशीनचा तासाचा खर्च), बीओएम (एका भागाला लागणाऱ्या मालाची यादी), स्टॉक मोजणी, कॉस्ट ऑडिट (खर्चाच्या हिशोबाची तपासणी) यातलं एक अक्षर नाही.

नऊ जण आले, सगळी हुशार मुलं. एकीचा डॅशबोर्ड इतका सुरेख होता की दोन गोष्टी मीच लिहून घेतल्या. मग विचारलं, "शंभरात चार कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, नेहमीच रिजेक्ट होतात, या महिन्यात अकरा झाली. वरच्या सातांचा खर्च कुठे टाकशील?" नेहमीचे चार चांगल्या मालाच्या किमतीत जिरतात, वरचे सात थेट नफा-तोट्यात, एवढंच उत्तर हवं होतं. ती म्हणाली, "मॅडम, जाहिरातीत असं काही नव्हतं." खरंच नव्हतं. चार दिवस झाले, ते वाक्य मनातून जात नाही.

माझ्या पहिल्या साहेबांनी स्वतःच्या नोकरीच्या जाहिरातीचं 1991चं कात्रण जपून ठेवलंय. 'कॉस्ट अकाउंटंट पाहिजे. आयसीडब्ल्यूए. इंजिनिअरिंग कारखान्यातला 5 वर्षांचा अनुभव.' बस, एवढंच. पण प्रॉडक्शनवाल्यांशी वाद घालून, आकडे समजावून दर ठरवायचं काम साहेब रोज करायचे, तेही त्या ओळींत नव्हतं. म्हणजे जुनी जाहिरातही अपुरीच.

आता मसुदा मीच करायचा आहे, शुक्रवारपर्यंत. पदाचं नाव काय ठेवू?

जुना_आयसीडब्ल्यूए:
मेधाताई, नाव हलकं समजू नका. आयसीडब्ल्यूए म्हणजे आपल्या कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेची जुनी पदवी, त्यातला डब्ल्यू 'वर्क्स'चा, म्हणजे कारखान्याचा. इंग्लंडमधल्या अशाच संस्थेने 1972 साली तो शब्द काढून 'मॅनेजमेंट' घेतला, आपल्या संस्थेच्या नावातून तो 2012 साली गेला. आता जाहिरातीतूनही कारखाना गेला, तर नव्या माणसाला तो आपला वाटणार कसा? मी 'प्लांट कॉस्ट अकाउंटंट' लिहीन.

एचआर_चाकण:
काकांचं पटतं, पण आमच्याकडे पदाच्या नावावर ग्रेड ठरते. 'कॉस्ट अकाउंटंट' लिहिलं की जागा दोन ग्रेड खाली जाते आणि चांगली माणसं अर्जच करत नाहीत. नाव मोठं ठेवा, कामाच्या ओळी तुमच्या लिहा. आम्हाला त्या कोणी लिहून देत नाही, म्हणून मुख्य ऑफिसचा साचा जसाच्या तसा जातो.

सांगलीकर_फायनल:
ताई, मी सीएमए, म्हणजे पूर्वीच्या आयसीडब्ल्यूएच्या, फायनलला आहे. काय शिकायचं ते आम्ही जाहिराती वाचूनच ठरवतो. त्या वाचून पॉवर बीआयचा क्लास लावला, आणि ट्रेनिंगमध्ये फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) पाठवलं तेव्हा तीन महिने ऑफिसातच बसून काढले. कोणी लिहिलं असतं, तर खाली उतरलो असतो.

मेधा_भोसरी:
सांगलीकर, तुमच्यामुळे पहिली ओळ सुचली. मसुदा असा:

'प्लांट फायनान्स बिझनेस पार्टनर – कॉस्टिंग. महिनाअखेरीस स्टॉक मोजणीला स्वतः उभं राहायचं. रिजेक्शन का वाढलं ते लाईनवर जाऊन विचारायचं, त्याचा खर्च मांडायचा आणि प्लांट हेडला समजेल असा सांगायचा. कॉस्ट ऑडिटची कागदपत्रं सांभाळायची. पॉवर बीआय येत नसेल तर इथे शिकवू.'

यात काही राहिलं असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत सांगा.