छोट्या मालकाने कामगारांच्या निवृत्तीची सोय का करावी?

हिशेबनीस : माझा छोटा धंदा, कामाला नऊ माणसं. त्यांच्यासाठी निवृत्ती योजना काढायचं बोललो, तर निम्मे म्हणाले, "त्यापेक्षा पगारच वाढवा." मलाही ते पटलं. धंद्यात एक महिना बरा, दोन कोरडे. त्यात दरमहा ठरलेली रक्कम म्हणजे गळ्यात धोंडा. माझ्यापुरतं म्हणाल तर धंदा हीच माझी पुंजी. साठीला विकेन.

टाचणी : विकणार कोणाला? गिऱ्हाईक तुमच्याकडे बघून येतं. तुम्ही उठलात की मागे जुनी यंत्रं आणि थकलेली उधारी. शिवाय मंदीत धंदा बसला तर आजची कमाई आणि म्हातारपणाची पुंजी एकाच दिवशी जाते.

वाढीव पगार तर खर्चात कधी विरतो ते कळतही नाही. म्हणून ब्रिटनने २०१२ पासून नोकरदारांना आपोआप योजनेत घ्यायला सुरुवात केली; नको असेल त्याने बाहेर पडावं. बहुतेक आतच राहिले. तिथे आज पगाराच्या ठरावीक भागावर किमान ८ टक्के जमा होतात, त्यातले निदान ३ मालकाचे.

हिशेबनीस : बाहेर पडायचा कंटाळा म्हणजे संमती नव्हे.

टाचणी : नसेल. पण दरमहा हजार रुपये साठवले, तर वार्षिक ८ टक्के परताव्याने ३० वर्षांत १४.९ लाख होतात. २० वर्षांत जेमतेम ५.९ लाख. तुमच्या पंचविशीतल्या पोराची पहिली दहा वर्षं किती महाग आहेत बघा.

वजाबाकी : महागाई ६ टक्के धरली तर ते १४.९ लाख आजचे २.६ लाखच. हे कोणी सांगत नाही.

टाचणी : म्हणूनच ठोक हजार नको, पगाराचा टक्का ठेवा. पगार वाढला की वाटाही वाढतो, आणि मालकाला आकडा आधीच माहीत असतो.

पगारदार : मी त्या नऊ जणांसारखाच. आधीच्या मालकाने "तुझ्याच भल्यासाठी" म्हणून कापलेले पैसे माल भरायला वापरले. धंदा बंद, पैसेही गेले. पगारवाढ मागणारे उधळेच असतात असं नाही, साहेब. पैसे धंद्याच्या खात्याबाहेर, माझ्या नावावर जाणार असतील तर कापा.

हिशेबनीस : हे रास्त आहे. पण माझा वाटा दोन वर्षं टिकलेल्यालाच मिळेल, ही अट चालेल?

पगारदार : आधी लेखी द्याल तर चालेल. माझ्या पगारातून कापलेलं मात्र पहिल्या दिवसापासून माझं.